टिपणीस सरांचा शेवटचा खर्डा

आमच्या शाळेच्या जिन्यात एकदा साप निघाला. हेडमास्तर ओरडले, "अहो टिपणीस, पटकन एक पाटी लिहा, कोणी जिन्यात जाऊ नका म्हणून!" टिपणीस सर इंग्रजीचे. त्यांनी कागद घेतला, पेनाचं टोपण काढलं आणि विचारात पडले. 'मस्ट नॉट' लिहावं की 'शुड नॉट'? पालक वाचतील, पाहुणे वाचतील, 'मस्ट' जरा उद्धट नाही का वाटणार? 'काइंडली' आधी घालावं की शेवटी? पाऊण तासानं पाटी तयार झाली. अक्षर मोत्यासारखं! साप केव्हाच मागच्या गवतात निघून गेला होता आणि पाचवी-ब जिन्यावर बसून डबे खात होती.

ही शहाऐंशी-सत्त्याऐंशीची गोष्ट. मी भिवंडीत नवी नवी गणिताची बाई म्हणून लागले होते आणि टिपणीस सरांच्या शेजारच्याच बिऱ्हाडात राहत होते. आमच्या मागच्या गल्लीत कापडाच्या लूमचा खडखडाट दिवसरात्र चालायचा, त्यामुळे गावातली सगळी माणसं वरच्या पट्टीत बोलायची. सर सोडून. त्यांच्या बोलण्यात सुद्धा ते इंग्रजी 'मे' आणि 'माइट' घुसलेले. चहा घेणार का विचारलं तर म्हणत, "शक्य झाल्यास, बहुधा, अर्धा कप चालू शकेल." आणि दोन कप घेत.

अर्ज लिहून देणं हा त्यांचा छंद. पैसा घेत नसत. कुणाला रजा हवी, कुणाला मीटर, कुणाला रेशनकार्डावर बायकोचं नाव. जो तो सरांच्या ओट्यावर. "मास्टरजी, सेठ छुट्टी नहीं देता," असं म्हणत लूमवरचा कारागीर आला की सर त्याला आपला सिद्धांत समजावत. "देखो, 'मस्ट' म्हणजे दरवाजे पे लात. 'शुड' म्हणजे जोरात थाप. 'मे' म्हणजे कडी हळूच वाजवना. और 'काइंडली' म्हणजे चप्पल बाहर निकालना. समझा?" तो बिचारा मान डोलवायचा. त्याला फक्त आठ दिवस गावी जायचं असायचं.

अर्ज लिहून झाला की तालीम. सरांची पद्धतच होती ती. अर्जदाराला खुर्चीवर बसवायचं, आणि स्वतः हात जोडून समोर उभं राहायचं. "आता तू साहेब. कपाळाला आठी घाल. मी वाचतो. विरघळलास तर सांग." अंजूर गावच्या भोईरदादांचं वीजबिल चुकीचं आलं होतं, तेव्हाची तालीम मी डोळ्यांनी पाहिली. दादा खुर्चीवर असे काही ऐसपैस बसले की विचारू नका. आयुष्यात पहिल्यांदा साहेब झाले होते! सरांनी आवाजात आर्जव आणून अर्ज वाचला. दादांनी मिशीवरून हात फिरवला आणि म्हणाले, "न्हाय. नामंजूर हाय. उद्या या."

"अहो, तुमचाच अर्ज आहे तो!" मी म्हटलं.

"असंल. पन सायबाला न्हाय पटला."

सरांनी अर्ज टराटरा फाडला आणि नवा लिहायला बसले. कधीकधी साहेब व्हायला मला बोलवत. मी पहिल्या ओळीतच विरघळायचे, कारण घरी कुकर लावायचा असायचा.

या सगळ्यात शालिनीकाकू, म्हणजे सरांची बायको, आतून चहाचे कप पुरवायच्या. गोरी, ठेंगणी, कमी बोलणारी बाई. लग्नाआधी शिक्षिकेचा कोर्स केलेला, पण नोकरी कधी केली नाही. मूलबाळ नव्हतं. त्या वर्षी जवळच टेमघरला एक बालवाडी निघाली आणि बाईंची जागा असल्याचं कळलं. काकूंनी बावीस वर्षांत पहिल्यांदा नवऱ्याकडे काही मागितलं. "अहो, माझाही एक अर्ज लिहून द्या ना. इंग्रजीत हवाय म्हणतात. पंधरा दिवस आहेत."

झालं! सर पेटले. रोज संध्याकाळी काकूंना खुर्चीवर बसवून तालीम. रोज खर्डा फाडायचा. "जोर जास्त झाला." "आज जोर कमी पडला." 'आय कॅन टीच' म्हणजे फुशारकी, 'आय माइट टीच' म्हणजे नसती शंका. भिंतीपलीकडून मला सगळं ऐकू यायचं. काकूंचा आवाज मात्र दिवसेंदिवस ऐकू येईनासा झाला.

सोळाव्या दिवशी अर्ज तयार झाला. सर आनंदाने नाचत स्वयंपाकघरात गेले. काकू दुधी चिरत होत्या. त्यांनी अर्ज वाचला, "छान झालाय" म्हणाल्या, घडी घालून फडताळात ठेवला. मुदत आदल्या दिवशी संपली होती, हे त्यांनी सांगितलंच नाही. सरांना ते शाळेत मी सांगितलं. तिसऱ्या दिवशी काकू चार दिवसांसाठी म्हणून पेणला भावाकडे गेल्या. दीड महिना झाला तरी आल्या नाहीत.

सरांची पार रया गेली. दूध रोज उतू जायचं, मला वासानेच कळायचं. ओट्यावर माणसं येऊन परत जायला लागली. शाळेत मुलांनी 'आय मस्ट गो' म्हटलं तरी सर "जा" म्हणायचे. आता बोला!

एका रविवारी दुपारी चार फुलस्केप कागद घेऊन ते माझ्या दारात उभे. "वासंती, जरा बस खुर्चीवर. आज साहेब नाही. आज तू शालिनी हो."

मला हसू आलं, पण त्यांचा चेहरा बघून बसले. सर हात जोडून वाचू लागले. "रिस्पेक्टेड मॅडम, यू मे काइंडली कन्सिडर..." घरी परत येण्याबाबत नम्र विनंती होती ती! दुसऱ्या पानापर्यंत मी ऐकलं. मग माझं डोकंच फिरलं.

"नामंजूर," मी म्हटलं.

"का गं?"

"पंधरा दिवस त्यांना असं समोर बसवलंत. चार ओळी लिहून टाकल्या असत्या तर आज त्या पोरांना गाणी शिकवत असत्या. तुम्हाला अर्जाचं कौतुक, सर. काकूंचं नाही."

मी मर्यादा सोडून बोलले होते. वयाने निम्मी मी. सरांचे कागद खाली आले.

"सगळ्या भिवंडीचे अर्ज नामंजूर झालेत माझे," ते म्हणाले. "मला कधी काही वाटलं नाही. पण तिला कोणी नाही म्हटलं असतं ना, तर मला सोसलं नसतं गं. म्हणून हातातून सुटेना तो कागद." आणि मग, एकही 'बहुधा' न लावता, "मला तिच्यावाचून करमत नाही."

"हे पेणला जाऊन सांगा. तोंडानं. उद्या नाही, आत्ता."

सर तसेच, सदऱ्यावर शाईचा डाग घेऊन, एसटी स्टँडकडे गेले.

मंगळवारी काकू परत आल्या. मी भेटायला गेले तर त्या गॅसच्या शेगडीवरचं करपलेलं दूध खरवडत होत्या. मला बसायला पाट दिला. मग हळूच म्हणाल्या, "नोकरी गेली त्याचं नव्हतं गं वासंती. हे रोज माझ्याबद्दल लिहायचे आणि रोज खोडायचे. मी आपली समोर बसलेली. मला वाटायचं, बावीस वर्षं झाली, तरी माझ्याबद्दल चांगलं लिहिण्यासारखं यांना काही सापडतच नाहीये."

माझ्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. बाहेरच्या खोलीत सर होते, पण त्या दिवशी त्यांच्या हातात पेन नव्हतं.

पुढच्या जूनमध्ये बालवाडीत पुन्हा एक जागा निघाली. या वेळी काकूंनी स्वतःच अर्ज लिहिला, चार ओळींचा. सरांना वाचायला दिला नाही, पाकीट चिकटवूनच टपालात टाकायला त्यांच्या हातात ठेवलं. जागा काकूंना मिळाली. पण मला आठवतात ते त्या दुपारचे सर. मी शाळेतून येत होते. पाकीट टपालपेटीत टाकून झालं होतं, तरी ते भर उन्हात तिथेच उभे होते.

"सर, इथे काय करताय?"

"काही नाही," ते म्हणाले. "साडेचारला पेटी उघडायला माणूस येतो. तो घेऊन गेला की निघतो."