दिगूकाका आणि पाइपांचा घाम

दिगूकाका भाटकरांच्या थंड खोलीतून बाहेर पडणारा माणूस चष्मेवाला असला, तर ते त्याला सहजासहजी सोडत नाहीत. दार उघडलं की रत्नागिरीची ओली हवा तोंडावर येते आणि काचा पांढऱ्या होतात. माणूस रुमाल काढतो, तोच काका त्याचा हात धरतात. "पुसू नको मेल्या. आधी बघ. हेच त्याच्या पोटात झालं तर?"

'तो' म्हणजे कॉम्प्युटर.

काका आमच्या शेजारचे. सगळी नोकरी जहाजांवर झाली, मासळी आणि फळं नेणाऱ्या जहाजांची थंड कोठारं सांभाळण्यात. आता आंब्याचा रस साठवणाऱ्या एका कोल्ड स्टोरेजची यंत्रं बघतात. तिथल्या मोठ्या कोठाराआधीची छोटी खोली फ्रीजच्या खालच्या कप्प्याइतकी गार असते. तिच्या कोपऱ्यात हा कॉम्प्युटर उभा. आत पारदर्शक पाइप आणि त्यांतून फिरणारं निळं पाणी. यंत्र त्यांच्या मुलीचं, मीनूचं. तिने स्वतः जोडलेलं. ती नॉर्वेत समुद्राच्या लाटांवर संशोधन करते आणि तिची गणितं तिकडे बसून या यंत्रावर चालवायची. घरी पत्र्याखाली मे महिन्यात ते तापून बंद पडायचं, म्हणून काकांनी मालकांना विचारून ते इकडे हलवलं.

हलवताना त्यांनी जी चूक केली, ती जहाजाच्या थंड कोठारात आयुष्य काढलेला माणूसच करू शकतो; जितकं गार तितकं चांगलं, एवढंच त्याच्या डोक्यात. यंत्र ठेवलं बाहेर, आपल्या केबिनमध्ये, आणि भिंतीला भोक पाडून फक्त पाइप तेवढे थंड खोलीत सोडले. पाणी आत गार होऊन येणार, यंत्र खूश. काका अख्ख्या आळीला ते दाखवायला बोलावत होते. संध्याकाळपर्यंत गार पाइपांना बाहेरच्या हवेत घाम फुटला, घाम ओघळत खाली यंत्राच्या बोर्डावर गेला आणि केबिनभर जळका वास सुटला. मीनू सुट्टीत आली, तिने नवा बोर्ड बसवला आणि बजावून गेली की पाणी भोवतालच्या हवेपेक्षा गार होता कामा नये. मग काकांनी पाइपांसकट अख्खं यंत्रच आत नेलं.

तेव्हापासून "घाम आला काय?" हा त्यांचा जगाला प्रश्न. लग्नात सरबताचा पेला हातात आला की आधी त्याला बाहेरून हाताची पालथी बाजू लावतात. सकाळी माझ्या मोटारसायकलची टाकी चाचपतात आणि हवेत आज किती पाणी आहे ते सांगतात. काकू म्हणतात, "चुलीपुढे माझा घाम यांना कधी दिसला नाय."

त्या स्टोरेजमध्ये रस भरणाऱ्या बायकांना गरम कोट मिळत नव्हते. मी कामगार संघटनेचा, मी पत्रक काढलं, फाटकावर वाटलं. थंडीत ओलं होऊन या बायका आजारी पडतात आणि मालकाला लाज वाटत नाही, असं त्यात लिहिलं होतं. कोण मालकाच्या बाजूचं आणि कोण बायकांच्या, यावर वाद चालला असताना काका पत्रक घेऊन माझ्याकडे आले. मागणी त्यांना मान्य होती, वाक्य मान्य नव्हतं. थंडी भिजवत नाही, थंडीत शिरलेली बाहेरची हवा भिजवते, एवढं दुरुस्त कर म्हणाले. मी दुरुस्त केलं. दुसऱ्या पत्रकावर त्यांनी सर्वांत आधी सही केली. कोट मिळाले.

गेल्या वर्षी मीनूला तिकडे विद्यापीठाचं मोठं यंत्र मिळालं. आता आपलं बंद करा बाबा, विकून टाका, असं तिने सांगितलं. काकांनी ऐकलं नाही. चालू यंत्र गरम असतं, त्यावर दव धरत नाही. बंद केलं की ते खोलीइतकं गार पडणार, आणि आंब्याच्या गाड्या आत येताना दारातून ओली हवा शिरणार. सगळं बरोबरच होतं. फक्त ते चालू ठेवायला काम हवं, म्हणून काका मीनूची जुनी, आधीच सोडवून झालेली गणितंच पुन्हा पुन्हा लावत बसायचे. कामाच्या पाळीत मधूनच उठून गरम पाइपावर तळवा ठेवून यायचे.

या हंगामात मालकांना ती खोली पेट्यांसाठी हवी होती. यंत्र बाहेर काढायचं ठरलं, आणि काकांनी मीनूला फोन लावून तो माझ्या हातात दिला, स्पीकरवर.

मीनू सांगू लागली. आतच बंद करायचं, आतच जाड प्लास्टिकात गुंडाळायचं, हवा शिरणार नाही असं बांधायचं, मग बाहेर आणून तसंच ठेवायचं. बाहेरच्या हवेइतकं गरम झाल्याशिवाय उघडायचं नाही. हे सगळं काकांनीच मला कितीदा ऐकवलं होतं. तरी ते विचारत होते, "मग गो? गाठ कशी मारू? आणि दव कुठं धरेल मग?" मीनू आधी घाईत होती. मग सावकाश, पहिलीतल्या पोराला सांगावं तसं सांगत गेली. काका मान डोलवत ऐकत होते. शेवटी म्हणाले, "तू फोनवर असशील तेव्हाच उघडतो. मला भरवसा नाय."

ती म्हणाली, रविवारी.

यंत्र काकांच्या पडवीत आलं. रविवारी मीनूचा फोन आला तेव्हा मी तिथेच होतो. प्लास्टिक स्वच्छ होतं. आतले पाइप, बोर्ड, सगळं कोरडं ठणठणीत दिसत होतं. काकांनी गाठीला हातही लावला नाही. "थोडं धुकं दिसतंय गो आत. अजून थांबायला हवं."

"इतक्या दिवसांनी?" मीनूने विचारलं. मग मला म्हणाली, "दादा, तू बघ. खरंच आहे?"

काका माझ्याकडे बघत नव्हते. मी वाकून पाहिलं आणि आहे म्हणालो.

इतक्या दिवसांनी बंद प्लास्टिकात धुकं राहत नाही, हे मीनूला आम्हा दोघांपेक्षा चांगलं ठाऊक होतं.

"बरं बाबा," ती म्हणाली, "मग पुढच्या रविवारी बघू. आज जेवलात काय ते सांगा."