काकांचा रेडिओ, स्नेहलचा भोंगा

"पोरी, ह्या भोंग्याच्या वायरी माझ्या रेडिओच्या लहरी ओढून घेणार बघ. आधी लहरी अडवणाऱ्या काळ्या कड्या बसव त्यास्नी," शेजारच्या बाळासोकाकांनी गच्चीवरच्या अँटेनाखालून सांगितलं होतं. स्नेहलनं मान डोलावली आणि विसरली. बाळ झाल्यापासून तिनं चोरांचे इतके व्हिडिओ पाहिले होते, की एखाद्या चोरानं तिच्याकडे शिकवणी लावावी. नवरा सकाळीच एमआयडीसीत, घरात तान्हा राजवीर. दाराखिडक्यांना अलार्मचा भोंगा बसलाच.

दुसऱ्याच सकाळी तो बोंबलला. कोल्हापुरात बोंब ऐकून कुणी फोन करत बसत नाही, माणसं स्वतःच येतात. दूधकट्ट्यावर ताजं दूध प्यायला जमलेले पैलवान हातातल्या पेल्यांसकट धावले. चोर गावला नाही, चहा तेवढा झाला. मग रोज तेच! राजवीर दचकून रडायचा आणि पैलवान त्याला आळीपाळीनं खेळवायचे. अलार्मवाल्यानं सेन्सर बदलले, पाली हाकलल्या, शेवटी फोन उचलणं बंद केलं.

एका सकाळी तिला खिडकीतून उलगडा झाला. काकांनी माईक उचलून नेसरीच्या पिराजीअण्णांना हाक घातली, की इकडे भोंगा सुरू! दोघंही परवाना काढलेले हौशी रेडिओवाले. पुरात फोन मेले तेव्हा गावोगावचे निरोप त्यांनीच पोचवलेले. ती भीतभीत सांगायला गेली. 'म्हटलं नव्हतं?' एवढंही काका म्हणाले नाहीत.

"बाळाची झोप मोडतीया व्हय? मग ऱ्हाऊ दे." त्यांनी रेडिओवर टॉवेल टाकला.

राजवीर निवांत झोपू लागला. काका मात्र आपल्या दारातल्या कट्ट्यावर चहा थंड करत बसू लागले. स्नेहलला ती शांतता भोंग्यापेक्षा जास्त टोचायला लागली. आता जाऊन बोलावं, असं ती रोज ठरवायची आणि तेवढ्यात बाळ उठायचं.

मग एक दिवस भोंगा पुन्हा बोंबलला. स्वयंपाकघराची खिडकी ढकलून कुणीतरी आत डोकावत होतं! पैलवानांनी झडप घालून चोर उचलला. चोराच्या डोक्यावर टोपी, हातात काकवीची बरणी.

"पावणा हाय मी, नेसरीचा," तो लोंबकळत म्हणाला. "बाळासो जित्ता हाय न्हवं?"

पिराजीअण्णा! दोस्ताचा आवाज नाही, फोन लागत नाही, म्हणून पहिल्या एसटीनं आलेले. अँटेनाची तार स्नेहलच्या छतावर उतरलेली, त्या तारेच्या मागानं ते चुकीच्या घरी, तेही मागच्या अंगाला पोचले.

काका धावत आले. रोज तासभर बोलणारे दोघं समोरासमोर बसल्यावर लाजून गप्प. शेवटी अण्णांनी रेडिओवर बोलतात तशीच सुरुवात केली.

"लई काळजी लागलीती गड्या. ओव्हर."

"मी बरा हाय. ओव्हर," काका म्हणाले आणि टॉवेलनं डोळे पुसले.

दुपारी दोघांनी मिळून भोंग्याच्या वायरींना काळ्या कड्या अडकवल्या. काकांनी रेडिओचा जोरही थोडा कमी केला. आता सकाळी पलीकडे गप्पांचा फड रंगतो आणि अलीकडे राजवीर घोरतो.

तुमच्याही ओळखीचं एखादं रोज बोलणारं माणूस अलीकडे गप्प झालं असेल, तर आजच जाऊन बघून या. स्नेहलची एवढीच विनंती आहे. फक्त पुढच्या दारानं जा!