रायाजीराव गादीवर बसले आणि पेठ उडाली, त्याची हकीकत

श्रीचे मनी होते तैसे घडले, ते ऐसे. शके सोळाशे एकोणसत्तर, प्रभवनाम संवत्सर, चैत्रमासी राज्यावर अरिष्ट आले. शत्रूच्या नगरास वेढा घालून बसले असता थोरले महाराज पोटशुळाने छावणीतच कैलासवासी जाहले. पोटी संतान नाही. मग चुलतबंधू रायाजीराव यांस पागेतून उठवून आणिले आणि गादीवर बसविले. रावसाहेब घोड्यांचे मोठे जाणते, परंतु मसलतीत त्यांस कोणी कधी उभे केले नव्हते. अंगास अजून घोड्यांच्या चंदीचा वास आणि माथ्यावर शिरपेच! काय ही दैवाची थट्टा! आणि मग दिवाण नारोपंत एकांती येऊन बोलिले, "महाराज, नगराच्या पेठेखाली सुरुंग भरून तयार आहे. बत्ती दिल्यास आजच लढाई सरेल." रावसाहेब चरकले आणि पुसते जाहले, "पेठेत लढते किती?" पंत म्हणाले, "लढते तटावर. पेठेत रयत, बायकापोरे." "आणि हे आम्हांस आज सांगता?" "आजवर आपणांस सांगण्याचे कारण नव्हते." ऐसे तोंडावर बोलिले, जराही कचरले नाहीत! आणि विड्याचे तबक पुढे केले. रावसाहेबांचे मनी, आधी बोलणी करावयास वकील पाठवावा, रयतेस बाहेर पडू द्यावे, मग पाहावे. परंतु पंतांस हे कैसे सांगावे ते जुळवावयास वेळ हवा, म्हणोन विडा उचलून तोंडी घातला आणि विचार करू लागले. पंत मुजरा करून निघोन गेले. रावसाहेबांस वाटले, बरे जाहले, उसंत दिली.

मग थोड्याच वेळात जमीन हादरली आणि पेठ आभाळात गेली. रावसाहेब अनवाणी धावत बाहेर आले आणि ओरडले, "अहो, आम्ही हुकूम दिला कोठे?" पंतांचा चेहरा पांढराफटक पडला. म्हणाले, "महाराज, या दौलतीत रक्तपाताचा हुकूम मुखे बोलत नाहीत. विडा खाल्ला म्हणजे हुकूम, परत केला म्हणजे नकार. मसलतीतले सारे जाणतात."

सांजेस नगर शरण आले आणि वेशीतून एक म्हातारी राखेने माखलेली चालत आली. म्हणाली, "माझी सून गेली, नातवंडे गेली. हुकूम कोणी दिला, तेवढे सांगा रे मेल्यांनो!" पंत भुईकडे पाहू लागले. त्यांजकडे बोट केले असते तर रावसाहेब सुटते. परंतु ते पुढे जाहले आणि म्हणाले, "आई, आम्ही दिला." म्हातारीने त्यांस नीट न्याहाळिले आणि बोलली, "मग जग बाबा. पुष्कळ जग."

येणेप्रमाणे लढाई सरली, राज्य राहिले, आणि रायाजीराव नव्वदी ओलांडून वारले.