लपणातला लग्नाचा वाढदिवस

एतेल्काने कॉफी ओतता ओतता विचारलं, "शनिवारी काय आहे, लक्षात आहे ना?" आणि वेंडेलच्या घशात पाव अडकला.

शनिवारचं हिला कळलं कसं? होर्तोबाजच्या माळावर गरुडांचे फोटो काढायला लपून बसायचं एक खोपटं असतं, लपण. ते त्याने तिला न सांगता दिवसभरासाठी ठरवलं होतं. सांगायचं रविवारी, असा बेत होता. (म्हणजे परत आल्यावर. वेंडेलचं शौर्य नेहमी प्रसंग उलटून गेल्यावरच उगवायचं.) पण पकडलेच गेलो आहोत तर कबूल करून मोकळं व्हावं, असं त्याने ठरवलं.

"लक्षात नसेल कसं? वर्षभर त्याच दिवसाची वाट बघतोय."

"खरंच?"

"सगळं ठरवून झालंय. पहाटे निघायचं, अंधार पडला की परत."

"अगंबाई, दिवसभर! आणि मला वाटत होतं, तू विसरलास!"

"मी? मला तर झोप लागत नाहीये."

"मग मी काय घालू?"

प्रश्न जरा विचित्र होता. जाणार आपण, तर ही काय घालणार? पण बायको रागावली नाही या आनंदात तो "काहीतरी गरम घाल" म्हणाला आणि कामावर पळाला.

दुपारी मेव्हणीचा फोन आला. "भावजी, मानलं तुम्हाला! ताई नुसती तरंगतेय. लग्नाच्या पंचविसाव्या वाढदिवसाला नेताय तरी कुठे तिला?"

वेंडेल देब्रेत्सेन शहराच्या पाणीपुरवठा कचेरीत कारकून होता. हातातला शिक्का त्याने अर्जाऐवजी स्वतःच्या अंगठ्यावर मारला.

"गुपित आहे," तो म्हणाला. (आणि ते होतंच. अर्ध्या मिनिटापूर्वीपर्यंत त्याच्यापासूनसुद्धा.)

शहाण्या माणसाने लपण रद्द करून एखाद्या बऱ्या हॉटेलात टेबल सांगितलं असतं. पण वेंडेलची व्यथा जुनी होती. त्याने आजवर काढलेल्या प्रत्येक फोटोतून कुणीतरी नुकतंच उडून गेलेलं असायचं. पांढऱ्या शेपटीच्या गरुडाची तर त्याच्याकडे फक्त शेपटी होती, तीही हललेली. हिवाळा सरला की गरुड पांगणार. शिवाय लग्नाच्या वाढदिवसाला माणसाला हवा असतो तो एकांतच ना? मग लपणाइतका एकांत कुठे मिळणार? अशी त्याने मनाची समजूत घातली.

शनिवारी पहाटे एतेल्का लाल कोट, टाचांचे बूट आणि आदल्या दिवशी बसवून घेतलेले केस अशी गाडीत बसली. अत्तराच्या वासाने वेंडेलला शिंका सुटल्या. सडक संपली तिथे लपणाचे मालक बालिंतकाका ट्रॅक्टर घेऊन उभे होते.

"बाई, लाल?" ते म्हणाले. "गरुड काय येतोय, बैल येतील तुमच्यामागे!"

एतेल्का हसली. तिला ती गंमत वाटली. बर्फातून धक्के खात ट्रॅक्टर गोठलेल्या तळ्याकाठी थांबला. समोर अर्धी जमिनीत गाडलेली लाकडी खोली होती.

"हे काय आहे?"

"लपण."

"कुणापासून लपायचं?"

"गरुडापासून."

"आणि हॉटेल?"

बालिंतकाकांनी लग्न झालेल्या माणसाच्या शहाणपणाने मध्ये तोंड घातलं नाही. त्यांनी बर्फावर मासे टाकले आणि दोघांना आत ढकललं. "ही काच आहे ना, आतून दिसतं, बाहेरून नाही. अंधार पडेपर्यंत बाहेर यायचं नाही. माणूस दिसला की गरुड आठवडाभर फिरकत नाहीत. आवाज नको. आणि अडचणीला कोपऱ्यात बादली आहे."

ट्रॅक्टर निघून गेला. एतेल्काने बादलीकडे पाहिलं. मग नवऱ्याकडे पाहिलं.

"पंचवीस वर्षं," ती म्हणाली.

"शू! हळू."

"पंचवीस वर्षं!" ती कुजबुजली. कुजबुजत भांडणं फार अवघड असतं. मोठ्याने भांडताना निम्मा राग आवाजाबरोबर बाहेर पडतो. इथे सगळा आतच शिजत राहिला.

"आईने सांगितलं होतं, त्या दातांच्या डॉक्टरशी लग्न कर."

"त्याला टक्कल पडलंय आता."

"पडू दे! टकला माणूस निदान हॉटेलात तरी नेतो!"

एवढं बोलून तिने बूट काढले, टोपलीतलं लसणीचं सॉसेज काढलं आणि भिंतीकडे तोंड करून एकटीने खाल्लं. बाहेर कावळ्यांनी मासे खाल्ले. दुपार झाली. गरुड नाही. वेंडेलने डोळा कॅमेऱ्याला लावून ठेवला होता, पण कान मागे होते. मागून एक बारीकसा आवाज आला. एतेल्का रडत होती. गरुड बिचकू नये म्हणून तोंडात मफलर कोंबून रडत होती.

ते काही त्याला बघवेना. बाहेर उजेड उतरत चालला होता. वेंडेलने कॅमेरा सोडला आणि काचेकडे पाठ करून तिच्यासमोर बसला.

"एतेल, मी विसरलो होतो. मला वाटलं, तू गरुडाबद्दल विचारतेयस. आणि कळल्यावर सांगायचा धीर झाला नाही. गाढव आहे मी."

"आहेसच."

"तू गेल्या वर्षी इस्पितळात होतीस ना, तेव्हा मी दोन्ही खोल्यांत रेडिओ लावून ठेवायचो. तू पलीकडे कुणाशी तरी बोलतेयस असं वाटावं म्हणून."

एतेल्काने मान वर केली. तिचे डोळे भरून आले. मग ते मोठे झाले, आणि तिने त्याचे दोन्ही हात घट्ट धरले.

"बोल," ती श्वास रोखून म्हणाली. "थांबू नकोस. आणि हलू नकोस."

आपल्या बोलण्यात एवढी ताकद आहे हे वेंडेलला आयुष्यात प्रथमच कळत होतं. तो बोलत सुटला. तिच्याशिवाय जेवण जात नाही, ती रागावून गप्प बसली की कचेरीत बेरजा चुकतात, दातांच्या डॉक्टरचा हेवा त्याला अजून वाटतो. एतेल्काच्या गालांवरून पाणी ओघळत होतं. असा चेहरा तिचा त्याने लग्नातही पाहिला नव्हता.

अंधार पडला. बालिंतकाका धावतच आले.

"मिळाला ना? मी बांधावरून दुर्बिणीने बघत होतो. केवढं धूड! काचेला अगदी चिकटून बसला होता. इतका जवळ कुणालाच कधी आला नाही!"

वेंडेल सावकाश बायकोकडे वळला.

"तू पाहिलास?"

"पाहिला."

"मग सांगितलं का नाहीस?"

"तू वळला असतास तर तो उडाला असता. आणि तू गप्प झाला असतास. तू असं पुन्हा कधी बोलणार होतास?"

त्याने कॅमेरा आवरला. ट्रॅक्टरवर तो फोटो चाळत बसला. कॅमेऱ्यात दिवसभराचे कावळे होते. शेवटी न राहवून त्याने विचारलं, "पण तू रडलीस, ते माझ्या बोलण्याने ना?"

एतेल्काने प्रामाणिकपणे आठवून पाहिलं.

"सुरुवातीला," ती म्हणाली. "मग त्याने पंख पसरले."