पाचवे गोविंद

आमच्या मुकुंदवाडीतल्या गल्लीला पाणी कोण पाजतं, असं कुणी विचारलं तर मी बेधडक सांगायचो, राष्ट्रकूट घराणं.

हसू नका. ती लागोपाठच्या दुष्काळाची वर्षं. शहर चहूबाजूंनी वाढत होतं आणि नळाचं पाणी आटत होतं. आठवड्यातून एकदा, पाऊण तास. अशा दिवसांत गल्लीचा खरा राजा एकच, पाणी सोडणारा लाईनमन. खांद्यावर पुरुषभर लांब लोखंडी चावी, डोक्याला रुमाल आणि मनगटावर घड्याळ. त्या घड्याळापुढे त्यानं देवाचंही ऐकलं नसतं. बायका विनवायच्या, "दादा, एकच हंडा राहिलाय!"

"पुढच्या गल्लीतबी हंडेच हायेत, माय," असं म्हणत तो चावी फिरवायचा.

या राजाला गादीवर बसवलं मात्र मी. मी शाळेत इतिहास शिकवतो, त्यामुळे नको तिथं तोंड घालायची सवय. एकदा त्याच्या गळ्यातल्या कार्डावरचं नाव वाचलं आणि म्हणालो, "अहो, वेरूळचं कैलास लेणं कोरणाऱ्या घराण्यात तुमच्या नावाचे चार राजे झाले. गोविंद पहिला, दुसरा, तिसरा, चौथा."

चावी जागच्या जागी थांबली. "माझ्या नावाचे? चार?"

संपलं. चौघांची चरित्रं सांगितल्याशिवाय त्यानं मला सोडलं नाही. पुढच्या पाण्याला आला तो शहागंजच्या बाजारातून लाल रंगाची डबी घेऊनच. रस्त्यावरच्या, पाण्याचे व्हॉल्व्ह असलेल्या चार चेंबरांच्या झाकणांवर त्यानं १, २, ३, ४ असे आकडे काढले आणि मला हात धरून दाखवायला नेलं.

"पहिल्याचं नुसतं नाव ऱ्हायलंय म्हणलात ना? मंग हा कोपऱ्यातला, कुणाच्या ध्यानात नसल्याला. दुसऱ्याची गादी सख्ख्या भावानं नेली. ह्याचं पाणी शेजारची गल्ली मोटर लावून ओढती. आन् तिसरा!" इथं त्यानं छाती काढली. "त्याची घोडी हिमालयाचं पाणी प्याली. ह्याला लई प्रेशर, सर, दुसऱ्या मजल्यावर चढतंय."

"आणि चौथा? त्याला तर त्याच्याच सरदारांनी खाली ओढलं."

त्यानं विटामातीखाली अर्धं दबलेलं झाकण दाखवलं. "ज्यांना पाजलं त्यांनीच बुजवला."

महिन्याभरात अख्खी गल्ली त्याच भाषेत बोलायला लागली. "अगं, तिसरा आलाय, बादल्या लाव!" अशी आरोळी आमच्याच घरातून ऐकली तेव्हा इतिहासशिक्षक म्हणून मी धन्य झालो.

मग मी त्याला रिद्धपूरच्या गोविंदप्रभूंबद्दल सांगितलं. लोकांना वेडं वाटावं असं वागणं, पण गावानं त्यांना आई मानलं. त्यानं रस्त्याकडेच्या पाइपचा एक ठिबकता जोड दाखवला. वैजापूरकडून चाऱ्यापाण्यासाठी आलेल्या धनगरांची मेंढरं तिथं ओळीनं पाणी पीत होती. "हे प्रभू. ही गळती माझ्याच्यानं बंद व्हायची नाय. साहेबाला काय बोलायचं ते बोलू द्या." नांदेडच्या गुरू गोविंदसिंगांचं नाव काढलं की मात्र तो चावी खाली ठेवून हात जोडायचा. "त्यांना चेंबरात नाय बसवायचं, सर. आपली पायरी वळखावी."

"मग पाचवा गोविंद कोण?" मी एकदा विचारलं.

तो लाजला. "मीच की. पण मला अजून कुणी गोविंद म्हणलंच नाय."

त्याचा आजा गोविंद. मेंढरं राखायचा. तो गेल्यावर नातवाला त्याचं नाव ठेवलं, रिवाजच तसा. पण आई सासऱ्याचं नाव तोंडात कशी घेणार? आणि ते नाव घेऊन लेकराला धपाटा तरी कसा घालणार? म्हणून घरात तो आबा. शाळेत मेंढक्या. कामावर लाईनमन. लग्नात उखाण्याची वेळ आली तर नवरी लाजून आत पळाली.

"एकदा तिच्या तोंडून ऐकायचंय. मंग मिळाली गादी," तो म्हणाला.

ती सरूबाई. मी त्यांच्या खोलीवर चहाला जायचो तेव्हा ती पदराआड हसून म्हणायची, "अहो पाचवे, च्या निवायलाय!" एवढंच. नवऱ्याचं नाव घेतलं की त्याचं आयुष्य कमी होतं, हे तिच्या मनात पक्कं बसलेलं.

पुढच्या उन्हाळ्यात सरूबाईनं अंथरूण धरलं. घरी नेऊन सेवा करा, असं डॉक्टरांनी सांगितलं. मी भेटायला गेलो तेव्हा तो चमच्यानं तिला पाणी पाजत होता. माझ्यासमोरच म्हणाला, "आता तरी घे की एकदा."

तिनं मान हलवली. "मी चालले. तुमचं कशाला कमी करू?"

"कमी झालं तर झालं."

"नाय म्हंजी नाय," ती म्हणाली. जरा वेळानं तिनं डोळे उघडले. "पाचवे, आज गल्लीला पाणी सोडलं का?"

त्यानंतर चार दिवसांनी ती गेली. नाव न घेता.

तेराव्यानंतरच्या पहिल्या पाण्याला तो आला. त्यानं तिसऱ्याला चावी लावली. नळांना पाणी आलं. मी गच्चीवरून बघत होतो. तिथूनच हाक मारली, "गोविंदराव!"

तो हललाही नाही. मी पुन्हा हाक मारली. तिसऱ्या हाकेला त्यानं मान वर केली, मागं वळून रिकाम्या रस्त्याकडे पाहिलं, आणि मग मला विचारलं, "कोणता, सर?"

"पाचवा," मी म्हणालो.

तो चेंबरच्या कडेला खाली बसला आणि डोक्याचा रुमाल काढून तोंडावर धरला. चावी तशीच व्हॉल्व्हवर उभी राहिली.

त्या दिवशी आमच्या गल्लीत दीड तास पाणी आलं. बायकांनी हंडे भरले, टाक्या भरल्या, शेवटी पातेली आणि वाट्यासुद्धा भरल्या. लाईनमनला आज झालंय तरी काय, असं त्या एकमेकींना हसत विचारत होत्या. पुढच्या गल्लीचं काय झालं, ते मी कधी विचारलं नाही.