मुंगळ्याची आठशे वर्षं

उदगीरच्या सप्ताहात पहिल्याच दिवशी शिवकीर्तन ऐन रंगात आलं आणि उमाशंकरच्या धोतरात मुंगळा शिरला. टाळकऱ्यांच्या रांगेत वीस वर्षं पहिल्या जागेचा मान त्याचा. चाल चढत असताना रांग मोडायची नसते, म्हणून त्यानं ठेका धरूनच डावा पाय तीनदा झटकला. पहिल्याचं पाऊल बघून बाकीच्यांनी पाऊल टाकायचं, ही तालीम. मागोमाग रांगेतल्या बाकी अकराही जणांनी भक्तिभावानं पाय झटकले.

कुणीतरी ते मोबाईलवर टिपलं. डान्स क्लासवाल्या विरूपाक्षनं त्याला ‘शिवझटका’ नाव देऊन चौकात फलक लावला : ‘आठशे वर्षांची गुप्त परंपरा. गुडघेदुखी गायब.’ तीन दिवसांत वराती झटकू लागल्या, लातूरहून जीपा भरून आल्या. किल्ल्यातल्या एका दगडावर हाच झटका कोरलाय, असंही लोक सांगू लागले. दगड मात्र कुणाला सापडेना.

“आवो, मुंगळ्याचं सांगून टाका की,” बायको नागम्मा म्हणाली.

“सांगू कसं? शेजारच्या मल्लम्माचा गुडघा बरा झाला म्हणं.”

“तिचा दुखायचा उजवा. झटकती डावा.”

मंडप तर ओसंडू लागला. पण कीर्तनकार पंचाक्षरी महाराज निरूपणाला लागले की मागून आवाज यायचा, “महाराज, आधी झटका होऊ द्या.” पाचव्या दिवशी महाराजांनी उमाशंकरला बाजूला घेतलं.

“उद्या सगळ्यांपुढं सांग, ही परंपरा कोणत्या गुरूची. न्हाई सांगता आलं तर टाळ खाली ठेव.”

विरूपाक्ष धावत आला. “काका, घ्या की एखाद्या गुरूचं नाव. मी निलंग्यात नवा क्लास काढायलोय.”

“गुरूच्या नावानं खोटं बोलू? जीभ झडंल, बाबा.”

दुसऱ्या दिवशी उमाशंकरनं माईक धरून मंडपाला नमस्कार केला. “शरणार्थी, मंडळी. परंपरा काई न्हाई. मुंगळा व्हता. लई चावला.”



“तरीच कालपासून पुन्हा दुखायलंय,” मल्लम्मा म्हणाली, आणि हशा उसळला. महाराजांनी उमाशंकरला पोटाशी धरलं. त्याची पहिली जागा कायम राहिली. विरूपाक्षनं गुपचूप फलक उतरवला.

सातव्या दिवशी मंडपात सोळा डोकी होती, त्यातली चार मंडपवाल्याची. महाराज रिकाम्या सतरंज्यांकडे बराच वेळ बघत राहिले. मृदंगावर थाप पडायच्या आत ते मागं वळले आणि उमाशंकरच्या कानाशी लागले.

“बाबा, जरा नीट आठव. मुंगळाच व्हता का?”