गाडी डावीकडे वळेना

आप्पा गेले, हे घरात बराच वेळ कोणाला कळलंच नाही. गाडीखालून बाहेर आलेले दोन पाय हे त्यांचं वर्षानुवर्षांचं दर्शन होतं. आईने चहाला हाक मारली, मग ओरडून मारली, मग चहा गार झाल्यावर अंगणात जाऊन त्या पायांना चांगलं खडसावलं. पाय काही बोलले नाहीत, पण ते एरवीही बोलत नसत. जेवणाच्या वेळेला ती पुन्हा आली, या खेपेस वाकून पाहिलं, आणि मग तिने जो टाहो फोडला तो रस्त्यापलीकडच्या घरांत ऐकू गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी आप्पा बाहेरच्या खोलीत बर्फाच्या लादीवर निजले होते. इतके स्वच्छ हात असलेले आप्पा मुलांनी कधी पाहिले नव्हते. अंगणात त्यांची गाडी उभी होती. लांब पाठीची, गोल दिव्यांची, आता कुठेही न बनणारी आणि आप्पांच्या हाताखाली कधीच पुरी न झालेली.

"शववाहिका सांगून ठेवते मी," आत्या म्हणाली. ती आप्पांची धाकटी बहीण. कोणाच्याही मयताची सूत्रं न सांगता हातात घ्यायची तिला सवय होती.

"नको," आई कोपऱ्यातून म्हणाली. काल दुपारपासून तिने उच्चारलेला हा पहिलाच शब्द. "ते गाडीतून जातील. त्यांची शेवटची इच्छा होती."

"दादा असं कधी म्हणाला?"

"म्हणाले एकदा."

मेलेल्या माणसाच्या इच्छेपुढे जिवंत माणसांचं काय चालणार? आत्याने हातातला फोन खाली ठेवला. थोरल्या मुलाने मात्र घाईने अंगणात डोकावून पाहिलं, कारण गाडीच्या स्टिअरिंगची पेटी अंगणातल्या बाकावर पडली होती. पेटीशिवाय स्टिअरिंग म्हणजे नुसता शोभेचा गोल. ड्रायव्हर तो कितीही फिरवो, चाकांपर्यंत निरोप पोचवते ती पेटीच. जुनी पेटी झिजून झिजून अशी झाली होती, की स्टिअरिंग फिरवल्यावर गाडी जरा विचार करायची आणि मग वळायची. आप्पांनी कुठून कुठून शोधून बदली पेटी मिळवली होती, जुनी काढली होती आणि नवीची जागा साफ करायला गाडीखाली शिरले ते शिरलेच.

"मेकॅनिक बोलवायचा का?" थोरल्याने धाकट्याला बाजूला घेऊन विचारलं.

"कोण येणार? सगळ्यांशी आप्पांची भांडणं. आणि मी आहे ना. लहानपणापासून पाने कोण देत होतं त्यांना?"

धाकटा औषधांच्या दुकानात काम करत होता. थोरला सरकारी कचेरीत नकाशे काढायचा. पान्याशी त्याचा संबंध एवढाच, की तो जागेवर नीट ठेवला नाही म्हणून लहानपणी त्याने मार खाल्ला होता. पण आईने जन्मात काही मागितलं नव्हतं. मागितलं तर मिळेल, असं त्या घरात वातावरणच नव्हतं. आज तिने एक गोष्ट मागितली होती, आणि तीही स्वतःसाठी नाही. ती झालीच पाहिजे, असं थोरल्याला अगदी आतून वाटलं. त्याने बाह्या सरसावल्या.

पेटीतून वर निघणारा दांडा तारेने करकचून बांधलेला होता.

"ही तार कशाला?" धाकट्याने विचारलं.

"असेल काहीतरी. राहू दे."

"राहू दे काय? बांधलेली बसवली तर फिरणार कशी?" असं म्हणून त्याने पक्कड उचलली आणि तार कापली. गाठ दिसली की हा मुलगा सोडवणार किंवा कापणार, हे सगळ्या आळीला माहीत होतं. एकदा त्याने शेजाऱ्यांचं कुत्रंही असंच मोकळं केलं होतं.

ती तार म्हणजे आप्पांचं शेवटचं काम होतं. पेटीचा दांडा एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवायचा, वेढे मोजायचे आणि बरोबर निम्मे उलटे घेऊन थांबायचं. तो पेटीचा मध्य. पेटी मध्यावर, चाकं सरळ आणि स्टिअरिंग सरळ, असं तिघांचं जमलं तरच गाडी दोन्ही बाजूंना सारखी वळते. आप्पांनी मध्य शोधून दांडा हलू नये म्हणून बांधून ठेवला होता. धाकट्याने तो गरागरा फिरवला.

"बघ, काय मऊ फिरतोय!"

"बघू, बघू," म्हणत थोरल्यानेही फिरवून पाहिला. मग दोघांनी मिळून पेटी बसवली. खिडकीतून आत्या अधूनमधून ओरडत होती, "आटपा रे! बर्फ वितळतोय!" बोल्ट आवळले, चाकं सरळ केली, पेटी खाली चाकांच्या दांड्याला जोडली आणि वर स्टिअरिंग चढवलं.

ते वाकडं दिसत होतं. आडव्या असायला हव्यात त्या दोन्ही आऱ्या जवळजवळ उभ्या.

"काहीतरी चुकलंय," धाकटा म्हणाला. "पेटी परत खाली घ्यावी लागणार बहुतेक."

"वेळ आहे का आता?"

थोरल्याला वाकडं काही बघवत नसे. घरात आप्पांचा पट्टा सुटला, की हा पोरगा हुंदके देत भिंतीवरच्या तसबिरी सरळ करत बसायचा. मोठेपणी कचेरीत साहेबाने झापलं, की टेबलावरच्या पेन्सिली एका रेषेत लावायचा. त्याने मधला नट काढला, स्टिअरिंग उपसलं, आऱ्या आडव्या केल्या आणि दाबून परत बसवलं. चाकं सरळ, स्टिअरिंग सरळ. लांबून, जवळून, कुठूनही पाहा. फक्त खालची पेटी डावीकडच्या टोकाजवळ जाऊन बसलेली होती, आणि ते बाहेरून दिसायची सोय नव्हती.

"झालं!" तो म्हणाला. आयुष्यात पहिल्यांदा आप्पांच्या गाडीला हात लावून त्याने काहीतरी नीट केलं होतं. आप्पा बघायला नाहीत, हे आठवून त्याला एकदम रडू आलं.

लांब पाठीत आप्पांना ठेवलं. त्यांच्याशेजारी धाकटा दाटीवाटीने बसला. पुढे थोरला, आणि त्याच्या बाजूला आई. आत्याने तिला रिक्षात बसवायचा प्रयत्न केला, पण आई ऐकेना. तिने बाहेर जायच्या चपला घातल्या होत्या, आणि दूरचं बघायचा चष्मा लावला होता. मागे पायी चालणारी मंडळी अगदीच थोडी. आप्पांच्या जिभेने माणसं फारशी शिल्लक ठेवली नव्हती.

अंगणातून गाडी उजवीकडे वळली ती झोकात. पुढच्या चौकात डावीकडे वळायचं होतं. थोरल्याने स्टिअरिंग फिरवलं, आणि अर्धा वेढाही झाला नसेल तोच खालून ठक्क असा आवाज आला. पुढे काही ते हलेना. गाडीने डावीकडे मान झुकवल्यासारखं केलं आणि ती सरळ निघून गेली.

"दादा, चौक गेला," मागून धाकटा म्हणाला.

"दिसतंय मला."

"आपल्याला डावीकडे जायचं होतं."

"वळत नाहीये डावीकडे!"

"वळत नाही म्हणजे?"

"म्हणजे वळत नाही! तू ती तार कशाला कापलीस?"

"आणि स्टिअरिंग उपटून सरळ कोणी केलं?"

"हळू बोला," आई म्हणाली. "यांच्यासमोर गाडीला नावं ठेवलेली यांना खपायची नाहीत."

दोघेही चपापले आणि सवयीने त्यांनी आप्पांकडे बघितलं. आप्पा काही बोलले नाहीत.

गाडी मागे घेऊन वळवायची, तर मागे सगळे नातेवाईक चालत होते. थोरल्याने कपाळावरचा घाम पुसला आणि डोक्यात शहराचा नकाशा उघडला. डावीकडे जायचं असेल, तर चौक ओलांडून पुढे जायचं आणि तीन वेळा उजवीकडे वळायचं. माणूस बरोबर डाव्या रस्त्याला लागतो. आयुष्यभर काढलेले नकाशे आज पहिल्यांदा कोणाच्यातरी उपयोगी पडत होते. त्याने उजवी घेतली, पुन्हा उजवी घेतली, पण तिसरी गल्ली पाइपांसाठी खणून ठेवलेली निघाली. मग आणखी मोठा फेरा घ्यावा लागला, आणि त्या फेऱ्यात आप्पांचंच घर आलं. अंगणात खुर्च्या आवरत असलेल्या शेजारणीने वर पाहिलं. एवढ्यातच वाटेला लावलेला माणूस परत येतोय असं पाहून ती हातातल्या खुर्चीवरच मटकन बसली.

"हे काय चाललंय?" आत्या धापा टाकत खिडकीशी आली. "दुसऱ्यांदा आलो आपण इथे!"

थोरल्याने उगाच आरसा सरळ केला. आईच म्हणाली, "घर दाखवून आणायचं होतं त्यांना."

आत्याचे डोळे एकदम भरून आले. ती मागे गेली आणि रडत रडत तिने सगळ्यांना ते सांगितलं. तिथून पुढे कोणी तक्रार केली नाही. बाजारातल्या रस्त्यावरून गाडी पहिल्यांदा गेली तेव्हा दुकानदारांनी नुसती मान वर केली होती. दुसऱ्यांदा आली तेव्हा ते उठून उभे राहिले. पुलाच्या वळणासाठी तिला तिसऱ्यांदा यावं लागलं. इतक्यांदा मिरवतात म्हणजे माणूस मोठा असणार, आपल्याला उगाच तिरसट वाटायचा, असं म्हणून काहींनी दुकानं ओढून घेतली आणि ते मागे चालू लागले. ज्या हार्डवेअरवाल्याने आप्पांना दुकानाची पायरी बंद केली होती, तोच हात जोडून सगळ्यांत पुढे होता.

"दादा, गर्दी वाढतेय रे," धाकटा कुजबुजला. "आप्पांना आवडलं नसतं."

"गप्प बस. पूल आला की एकच वळण राहिलं."

थोरल्याला शेजारी बघायचं धैर्य होत नव्हतं. आईची एवढीशी मागणी, आणि तिचा आपण असा फज्जा उडवला! एकदा हिंमत करून त्याने डोळ्याच्या कोपऱ्यातून पाहिलं. आईने काच खाली केली होती. कोपर बाहेर टेकवलं होतं. वाऱ्याने केस उडत होते ते ती सावरत नव्हती. रस्त्याकडे, दुकानांकडे, शाळेच्या भिंतीकडे ती एकटक बघत होती. दुःखाने तिचं भान हरपलंय, असं त्याला वाटलं, आणि तो आणखी खचला.

शेवटी स्मशानाचं फाटक दिसलं. ते डाव्या हाताला होतं, पण आता काळजी नव्हती. गाडी रस्त्यातच उभी करायची आणि चौघांनी आप्पांना उचलून आत न्यायचं. थोरल्याने ब्रेकवर पाय ठेवला. सकाळपासून धरलेला श्वास त्याने पहिल्यांदा सोडला.

"थांबू नकोस," आई म्हणाली.

"अगं, आलं की फाटक."

"बघितलं मी. पुढे जा आणि उजवीकडे घे."

"आई, लोक दमलेत गं."

"दमू देत." तिने चष्मा काढला, पदराने पुसला आणि परत लावला. "लग्नानंतर लगेच आणली ही गाडी. म्हणाले, महिन्याभरात नीट करतो आणि तुला मनसोक्त फिरवून आणतो. मग ब्रेक निघाले, मग गिअर. मग तुम्ही झालात, मग तुम्ही मोठे झालात. या सीटवर मी आज पहिल्यांदा बसले रे. आणि उद्या तुम्ही दोघं ही भंगारात घालणार."

थोरल्याने आरशातून धाकट्याकडे पाहिलं. काल रात्रीच दोघा भावांचं तसं ठरलं होतं.

"मग आप्पांची शेवटची इच्छा?" त्याने हळूच विचारलं.

"त्यांची कसली इच्छा? त्यांना विचारलं असतं तर म्हणाले असते, गाडी बाहेर काढू नका, अजून काम बाकी आहे."

थोरल्याने ब्रेकवरचा पाय काढला. फाटक डावीकडून मागे गेलं. फाटकातला माणूस हातातली किल्ली तशीच धरून बघत राहिला. पुढच्या कोपऱ्यावर गाडी उजवीकडे वळली, आणि मागची सगळी गर्दी मुकाट्याने तिच्यामागे वळली. आत्या तेवढी धावत खिडकीशी आली.

"आता आणखी काय राहिलं?"

धाकट्याने आप्पांच्या शेजारून डोकं बाहेर काढलं. त्याचे डोळे लाल झाले होते.

"शेवटची इच्छा आहे, आत्या," तो म्हणाला.

कोणाची, ते आत्याने विचारलं नाही.